कडू चव आणि शरीराचे संरक्षण

कडू चवीचे काम जिभेपुरतेच नाही. १९३१ साली अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली. ती सहकाऱ्याला कडू लागली; फॉक्स यांना मात्र बेचव. हा भेद ज्या चवग्राहक प्रथिनामुळे पडतो, ते पुढे नाकाच्या अस्तरात व रक्तातील पांढऱ्या पेशींतही आढळले. काही रोगजंतू परस्परांना पाठवीत असलेले रासायनिक संकेत ते ओळखते. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की, असा संकेत मिळताच नाकातील पेशी जंतुनाशक नायट्रिक ऑक्साइड सोडतात.

एवढ्यावरून कारले, कडुनिंब खाल्ल्याने रोग टळतो, असे मात्र ठरत नाही. शिक्षक व पंचायत सदस्यांनी हा विवेक गावोगाव पोचवावा. लसीकरणाला व स्वच्छतेला पर्याय नाही.