घरचा आकाशकंदील

सुट्टी लागली कीं मुलांचें काय करावें, हा प्रश्न घरोघरीं उभा राहतो. शाळा चालू असते तोंवर मूल शिक्षकांचें. शाळा बंद झाली कीं तें आईबापांचें. मग कोणी त्याला बाजारांतून खेळणें आणून देतो, तर कोणी हातांत मोबाईल देऊन आपली सुटका करून घेतो. बाजारचें खेळणें चार दिवस नवें असतें. पांचव्या दिवशीं तें कोपऱ्यांत पडतें. खेळणें वाईट असतें असें नव्हे. तें पुरें होऊनच घरांत येतें. मुलाला करण्यासारखें त्यांत कांहीं उरलेलें नसतें. उलट, जी वस्तु करतांना मुलाचीं बोटें खळीनें बरबटलीं, जी दोनदां मोडली आणि तिसऱ्यांदा उभी राहिली, ती वस्तु जुनी झाली तरी मूल ती टाकूं देत नाहीं.

शिक्षणशास्त्रज्ञांना ही गोष्ट फार पूर्वीं उमगली होती. फ्रोबेल यानें 1837 सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग गांवीं लहान मुलांसाठीं जी संस्था काढली, तिच्यांतून पुढें बालोद्यानाची पद्धति वाढली. त्या पद्धतींत कागदाच्या घड्या, पट्ट्यांचें विणकाम आणि मातीकाम यांना मानाचें स्थान मिळालें. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, 1937 सालीं, वर्धा येथील परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण द्यावें असा विचार मांडला. परंतु आपल्या घरांतील आज्यांना कोणत्याही परिषदेची वाट पाहावी लागली नव्हती. चिंध्यांची बाहुली, जुन्या लुगड्यांची गोधडी, संक्रांतीच्या हलव्याचे दागिने, हें सारें त्या घरींच करीत, आणि करतांना मुलांना भोंवतीं बसवीत. अशा उद्योगांत सर्व घराला कामाला लावणारा उद्योग म्हणजे दिवाळीचा आकाशकंदील.

आकाशकंदील करण्याची एक सोपी रीत अशी. बांबूच्या सारख्या लांबीच्या 24 कामट्या घ्याव्या. एकेक वीत लांबी पुरे. कामट्या तासण्याचें काम वडील माणसानें करावें, कारण बांबूची धार चाकूइतकीच बोट कापते. नंतर चार-चार कामट्यांचा एक, असे चार चौकोन दोऱ्यानें बांधावे. चौकोन तिरका झाला आहे कीं काय हें पाहण्यास गुण्या लागत नाहीं. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही अंतरें दोऱ्यानें मापावीं, तीं सारखीं भरलीं कीं चौकोन बरोबर झाला. सुतार चौकट तपासतो ती हीच युक्ति.

आतां हे चारी चौकोन एकेका कोपऱ्यावर उभे धरावे आणि शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला कोपरा बांधीत जावें. चौथा चौकोन पहिल्याला मिळाला कीं त्यांचें एक कडें तयार होतें. या कड्याचीं चार टोकें वर आणि चार टोकें खालीं मोकळीं राहतात. वरचीं टोकें चार कामट्यांनीं एकमेकांस जोडावीं. खालचींही तशींच जोडावीं. 24 कामट्या संपतात आणि सांगाडा पुरा होतो. तो हातांत घेतला कीं डोलतो, पिळवटतो. मुलांना वाटतें, काम फसलें. फसलेलें नसतें. सांध्यांना दोराच असल्यामुळें सांगाडा हलणारच. चौकोनांत आडवे दोरे ताणले आणि कागद चिकटून वाळला कीं तो ताठ होतो.

सांगाडा पुढ्यांत आहे तोंवर मुलांना तो मोजावयास सांगावें. टोकें 12, कडा 24, पृष्ठें 14. त्यांत 6 चौकोन आणि 8 त्रिकोण. टोकें आणि पृष्ठें यांची बेरीज 26, म्हणजे कडांहून दोननें अधिक. मग घरांतलें एखादें खोकें आणावें. त्याचीं टोकें 8, पृष्ठें 6, कडा 12. तेथेंही बेरीज दोननेंच अधिक. हा नियम अठराव्या शतकांत ऑयलर या गणितज्ञानें मांडला. फळ्यावर तो रुक्ष वाटतो. कामटी हातांत असतांना तो मुलांना जादूसारखा वाटतो.

खळ करण्याचें काम स्वयंपाकघराचें. दोन चमचे मैदा थंड पाण्यांत गुठळी न राहूं देतां कालवावा, मग एक पेला पाणी घालून मंद विस्तवावर ढवळीत शिजवावा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली कीं खळ झाली. ती लागेल तेवढीच करावी, कारण दोन दिवसांत तिला वास येतो. पतंगाचा कागद सांगाड्याहून बोटभर मोठा कापून कांठ कामटीवर दुमडावा. उभे चार चौकोन एका रंगाचे आणि आठ त्रिकोण दुसऱ्या रंगाचे केले तर कंदील खुलून दिसतो. वरचा आणि खालचा चौकोन मात्र मोकळा ठेवावा. झिरमिळ्या कापण्याचें काम सर्वांत लहान मुलाकडे द्यावें. त्या वांकड्या कापल्या गेल्या तरी वाऱ्यावर हलतांना कोणाला कळत नाहीं. आंत पूर्वीं पणती ठेवीत. कागद आणि ज्योत यांची संगत धोक्याची आहे. सध्यांच्या थंड राहणाऱ्या छोट्या विजेच्या दिव्यानें ही काळजी पुष्कळच कमी केली आहे.

या उद्योगाची खरी किंमत कळण्यासाठीं चाळींतील एका घराची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्या वर्षीं घरधन्याची नोकरी ऐन गणपतींत गेली होती. दिवाळी जवळ आली, शेजारच्या दारांत लुकलुकणाऱ्या दिव्यांचा तयार कंदील लागला, आणि या घरांतला दहा वर्षांचा मुलगा तो पाहून मुकाट्यानें आंत आला. त्यानें कांहीं मागितलें नाहीं. तें आजोबांना अधिक लागलें. आजोबांचे हात कांपत असत, त्यांना गांठ मारतां येत नसे. त्यांनीं नातवाला जवळ बसवलें, पावसाळ्यांत छपराला आधार दिलेला बांबू काढावयास लावला, आणि तोंडानें सांगत त्याच्याकडून सांगाडा बांधवून घेतला. खर्च झाला तो केवळ कागदाचा.

सांगाडा उभा राहिला तो एका अंगाला कललेला. एक कामटी बोटभर आंखूड निघाली होती. मुलाचा धीर तेथें सुटला. "आपलें सगळें असेंच," असें म्हणून त्यानें तो भिंतीकडे लोटला. वडील कित्येक दिवस घरांत कोणाशीं फारसें बोलत नसत. ते उठले, सांगाडा उचलून मांडीवर घेतला, आंखूड कामटी शोधून तिच्या गांठी सोडल्या आणि चाकू घेऊन नवी कामटी तासूं लागले. मुलगा थोडा वेळ दूर बसला. मग सरकत सरकत जवळ आला आणि त्यानें दोरा धरला. आईनें चुलीवर खळ ठेवली. त्या रात्रीं त्या घरांत नोकरीचा विषय निघाला नाहीं.

पुढच्या वर्षीं वडिलांना काम मिळालें होतें आणि त्यांनीं बाजारांत जाण्याची गोष्ट काढली. मुलगा माळ्यावर चढला आणि जुना सांगाडा खालीं घेऊन आला. कागद फाटून गेला होता. त्यानें कामट्या मोजल्या, 23 भरल्या. "बाबा, एकच कमी आहे," असें तो म्हणाला, आणि चाकू त्यांच्या पुढें ठेवला.

कंदिलाच्या जोडीला किल्ला आलाच. दगड, विटांचे तुकडे आणि चिखलांत बुडवलेलें गोणपाट एवढें साहित्य पुरतें. वरून आळीव किंवा मोहरी पेरून पाणी शिंपडत राहिलें तर थोड्याच दिवसांत डोंगर हिरवा होतो. मात्र "एक किल्ला" करण्याऐवजीं एखादा नांवाचा किल्ला करावा. राजगड करावयाचा तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला, हें मुलांनीं आधीं समजून घेतलें पाहिजे. 2025 सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, त्यांत राजगडही आहे. जो मुलगा अंगणांत त्याच्या तीन माच्या रचील, तो पुढें प्रत्यक्ष गड चढतांना वाट विचारणार नाहीं.

या कामांत वडील माणसांनीं एक पथ्य पाळावें. मुलाची गांठ सैल बसली म्हणून ती लगेच सोडून आपण बांधूं नये, आणि रंग जुळला नाहीं म्हणून कागद बदलूं नये. कंदील सुबक व्हावा एवढाच हेतु असेल तर बाजार जवळच आहे. घरांतली चार माणसें एका चटईवर बसावीं, एकानें धरावें, दुसऱ्यानें बांधावें, आणि म्हाताऱ्या माणसाजवळची विद्या लहानग्याच्या बोटांत उतरावी, यासाठीं हा खटाटोप आहे. येत्या सुट्टींत ज्या घरांत चोवीस कामट्या मोजल्या जातील, त्या घरांत मुलांचें काय करावें हा प्रश्न निदान चार दिवस तरी कोणाला पडणार नाहीं.