नोंदवही कोणी उघडली?



रुग्ण डॉक्टरांपाशी जे बोलतो, ते पुष्कळदा घरच्यांपाशीही बोलत नाही. पूर्वी हे बोलणे दवाखान्यातील कपाटात राही. आता ते संगणकात गेले आहे आणि क्षणार्धात एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पोहोचते. वाटेत कोणी रक्तगटाची नोंद बदलली तर? ही चोरीहून भयंकर गोष्ट, कारण येथे गाठ प्राणांशी आहे.

या दृष्टीने एस्टोनियाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. १९९१ साली सोव्हिएत जोखडातून मुक्त झालेला, जेमतेम १३ लाख लोकवस्तीचा हा देश. २००७ मध्ये तेथील बँका, वृत्तपत्रे आणि शासकीय संकेतस्थळे यांवर मोठा सायबर हल्ला झाला. एखादे राष्ट्र संगणकापासून मागे हटले असते. एस्टोनियाने मात्र २००८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणाली सुरू केली. पुढे २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक आरोग्य-नोंदींच्या रक्षणासाठी ब्लॉकचेनचा आधार घेण्याचे ठरले. तंत्र गार्डटाइम या तेथेच जन्मलेल्या कंपनीचे.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. रुग्णाचा आजार त्या साखळीत लिहिला जात नाही. साखळीतील नोंद पुसता येत नसल्याने तसे करणे घातकच ठरेल. मूळ नोंद आपल्या जागी राहते, साखळीत जातो तो तिचा गणिती ठसा. नोंदीतील एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. आणि ठसे एकमेकांत गुंफलेले असल्याने प्रणालीच्या व्यवस्थापकालाही गुपचूप फेरफार पचवता येत नाही. चोरी मात्र ब्लॉकचेनने थांबत नाही. ते काम कुलपांचे. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत!

आपली नोंद कोणी आणि केव्हा पाहिली, हे एस्टोनियातील रुग्णाला घरबसल्या पाहता येते. हवे तर तो ती इतरांसाठी बंद करू शकतो. विनाकारण डोकावणाऱ्या डॉक्टरला जाब द्यावा लागतो.

भारतात आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. १४ अंकी 'आभा' क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीनेच दिल्या-घेतल्या जाव्यात, हे त्याचे तत्त्व. परंतु केसपेपरच्या खिडकीपुढे तापाने फणफणत उभ्या असलेल्या माणसाची संमती कितीशी विचारपूर्वक असणार? आपली नोंद नंतर कोणी उघडली, हे त्याला त्याच्याच भाषेत, त्याच्याच मोबाइलवर दिसले पाहिजे.