व्हॅलेंटाईन चिरोल : साम्राज्याचा वार्ताहर

लोकमान्य टिळकांना 'असंतोषाचे जनक' कुणी म्हटलं?
एका इंग्रज पत्रकारानं.
व्हॅलेंटाईन चिरोल त्याचं नाव.

तरुणपणी चिरोल ब्रिटिश परराष्ट्र खात्यात कारकून होते.
पुढे लंडनच्या 'टाइम्स'चे बर्लिनमधले वार्ताहर झाले.
मग त्याच पत्राच्या परराष्ट्र विभागाचे प्रमुख.

राजदूत, मंत्री, व्हाइसरॉय यांच्यात त्यांची उठबस.
बातमी तिथूनच मिळे.
आणि श्रोतेहो, नजरही तिथलीच येई.
सत्तेची नजर!

1910 मध्ये त्यांचं 'इंडियन अनरेस्ट' हे पुस्तक आलं.
टिळकांना 'असंतोषाचे जनक' म्हटलं ते त्यातच.
टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात.
सुटल्यावर त्यांनी या पुस्तकावरून चिरोल यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला.
समोर एडवर्ड कार्सन यांच्यासारखे नामांकित बॅरिस्टर.
1919 मध्ये टिळक हरले.
खर्चाचा मोठा बोजा अंगावर आला.

दूषण म्हणून दिलेली ती उपाधी
महाराष्ट्रानं मात्र अभिमानानं मिरवली.