पत्रपेटीचे कुलूप उघडेना, तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर आहार, बालसंगोपन, बचत अशा विषयांवर पुष्कळ भाषणे झाली. मला मात्र चिटणीसबाईंनी वेगळाच विषय दिला आहे. घरच्या संगणकावरील ईमेल एकाएकी उघडेनासे होते, पासवर्ड चुकीचा आहे असे पडद्यावर येते, अशा वेळी काय करावे? विषय रुक्ष आहे खरा. पण लोणावळ्यात आणि मावळात कितीतरी बायकांचे व्यवहार आज या पेटीतून चालतात. पवनेकाठी कोणी पर्यटकांची घरगुती मुक्कामाची सोय करते, कोणी चिक्कीच्या मागण्या घेते, कोणाची मुले परदेशी असतात. विम्याची आणि पेन्शनीची पत्रेही तेथेच येतात. ही पेटी बंद पडली की बाईला लगेच दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. म्हणून हा विषय आपला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थंडरबर्ड, आउटलुक यांसारखा संगणकातील कार्यक्रम म्हणजे आपण टपाल कचेरीत पाठविलेला गडी. पत्रे असतात दूरच्या सर्व्हरवर. हा गडी तेथे जातो, आपले नाव आणि खूण सांगतो आणि पत्रे घेऊन येतो. तेव्हा 'पासवर्ड चुकला' असा निरोप आला, तर आपण चुकलो असेच समजून घाबरून जाऊ नये. कदाचित गड्यापाशी जुनी खूण असेल. कदाचित कचेरीचा नियम बदलला असेल.

म्हणून पहिली परीक्षा ही : त्याच संगणकावर ब्राउझर उघडावा, ईमेल देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि तेथे तोच पासवर्ड द्यावा. पेटी उघडली तर पासवर्ड बरोबर आहे, पत्रेही सुखरूप आहेत. दोष गड्याच्या बाजूचा. तेथेही उघडली नाही, तर दुरुस्ती खात्याचीच करावयास हवी.

आपल्यातील एका भगिनीची हकीकत सांगते. यजमान वारल्यावर विम्याचा पत्रव्यवहार त्या स्वतः पाहत होत्या. नातवाच्या सांगण्यावरून त्यांनी मोबाइलवर पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून संगणकावर पत्रे येईनात. एका दुरुस्तीवाल्याने सांगितले, "खाते काढून टाकतो आणि नवे घालतो; तुमचा पासवर्ड लिहून द्या." बाईंनी तसे केले नाही, हे फार बरे झाले. त्यांचे खाते जुन्या 'पॉप' पद्धतीचे होते. या पद्धतीत पत्रे संगणकावर उतरवून घेतल्यावर सर्व्हरवरून काढून टाकली जाण्याची सोय असते आणि त्यांच्याकडे तसेच चालत आले होते. यजमानांची अनेक वर्षांची पत्रे त्या एका संगणकातच होती. खात्याबरोबर ती पुसली गेली असती. ब्राउझरमध्ये पेटी उघडली, तेव्हा विम्याचे पत्र समोरच होते. कागद पाठविण्याच्या मुदतीचे चार दिवस उरले होते. कागद वेळेत गेले. संगणकात जपलेला जुना पासवर्ड काढून नवा घातला, इतक्यानेच काम झाले. म्हणून सांगते, खाते काढण्यास कोणी सुचविले तर आधी विचारावे, "माझी जुनी पत्रे कोठे आहेत?"

जपलेला पासवर्ड थंडरबर्डमध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि 'सेव्ह्ड पासवर्ड्‌स' या वाटेने सापडतो. तेथील जुनी नोंद काढावी, कार्यक्रम बंद करून पुन्हा उघडावा आणि विचारील तेव्हा नवा पासवर्ड द्यावा.

आता नियमबदलाविषयी. पूर्वी गड्याच्या हाती आपण घराची किल्लीच देत होतो. तो प्रत्येक वेळी आपला खरा पासवर्ड सांगे आणि तो पासवर्ड ज्याच्या हाती लागे, त्याला सारे घर मोकळे. ही रीत मोठ्या कंपन्यांनी मोडली. गूगलने २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डाने आत येण्याची ही वाट बंद केली. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केले. नव्या रीतीला ओऑथ-२ म्हणतात. तिला मर्यादित मुखत्यारपत्र म्हणावे. आपण कंपनीच्या खिडकीत एकदा सही करून द्यावयाची. गड्याला पत्रे आणण्यानेण्यापुरता परवाना मिळतो, पासवर्ड त्याला कळतच नाही. परवाना केव्हाही रद्द करता येतो.

थंडरबर्डमध्ये 'अकाउंट सेटिंग्ज'मधील 'सर्व्हर सेटिंग्ज' उघडावे. 'ऑथेंटिकेशन मेथड' या रकान्यात 'नॉर्मल पासवर्ड' असेल, तर त्याऐवजी 'ओऑथ-२' निवडावे. पत्रे आणताना कंपनीची खिडकी उघडते. तेथे सही करावी. खिडकी कोरीच राहिली, तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये 'कुकीज'ना परवानगी आहे की नाही ते पाहावे.

येथे पुष्कळजणी फसतात. पत्रे येऊ लागतात, पण जात नाहीत. बोरघाटाचे उदाहरण आपल्याला नवे नाही. घाट तोच, पण कर्जतहून वर चढणाऱ्या बहुतेक लांबच्या गाड्यांना मागून जादा इंजिने लागतात आणि खाली उतरणाऱ्या गाड्यांना ब्रेकची तपासणी लागते. तसेच येणाऱ्या पत्रांचे नियम वेगळे, जाणाऱ्यांचे वेगळे. म्हणून 'आउटगोइंग सर्व्हर' या ठिकाणीही तोच बदल करावा. जीमेलचा येणाऱ्या पत्रांचा आयमॅप क्रमांक ९९३, जाणाऱ्यांचा ४६५ किंवा ५८७.

कार्यक्रम फार जुना असून त्यात ही सोय नसेल, तर जीमेलपुरता एक उपाय आहे. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली की १६ अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' करून घेता येतो. तो नेहमीच्या पासवर्डाच्या जागी कार्यक्रमात घालावा. मात्र खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की असे सर्व ॲप पासवर्ड रद्द होतात आणि नवा करून घ्यावा लागतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाहावी. संगणक जुना, आतील लहान बॅटरी संपलेली आणि त्यात वीज गेली, म्हणजे संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे पडते. सर्व्हरच्या ओळखपत्रावर मुदतीच्या तारखा असतात; त्या जुळल्या नाहीत की कार्यक्रम आत जाण्यास नकार देतो. तारीख नीट लावली की काम होते.

ब्राउझरमध्येही पेटी उघडेना, तर पासवर्ड पुन्हा पुन्हा ठोकू नये. खाते काही वेळ बंद होऊ शकते. इंग्रजी लहानमोठ्या अक्षरांची कळ पाहावी, मग 'पासवर्ड विसरला' या वाटेने जावे. तेथे सांकेतिक आकडा जातो तो आपण पूर्वी नोंदविलेल्या मोबाइलवर. तो क्रमांक मुलाचा असेल किंवा आपण केव्हाच सोडून दिलेला असेल, तर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहण्याची पाळी येते. म्हणून पेटी चालू आहे तोवरच, आज घरी गेल्यावर, हा क्रमांक तपासावा.

आणि शेवटची गोष्ट. 'तुमचे ईमेल बंद होणार आहे, येथे दाबून पासवर्ड द्या' असे पत्र आले, तर त्यावर दाबू नये. पासवर्ड किंवा आलेला आकडा फोनवरून कोणालाही सांगू नये. पैशाची फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. मदत करणाऱ्याला शेजारी बसवावे, पण टाइप आपण स्वतः करावे.

आपल्या मंडळापुरती एक सूचना मांडते. मंडळाच्या पेटीला दोन पदाधिकाऱ्यांचे क्रमांक नोंदवावेत आणि दरवर्षी कार्यकारिणी बदलताना हिशेबाच्या वह्यांबरोबर या पेटीचीही रीतसर सोपवणी व्हावी. पुढील सभेत याचा ठराव व्हावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.