मागची कनात



अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते. लहानपणी तिथं तमाशाचा तंबू उभा राहताना मी तासन्‌तास बघत बसायचो. दुपारी फडाचा मॅनेजर यात्रेत एक चक्कर मारून यायचा. गर्दी पातळ वाटली, की मागची कनात पंधरा-वीस हात आत घ्यायला लावायचा. ठोकलेल्या खुंट्या उपटायच्या, पुन्हा ठोकायच्या, गडी वैतागायचे. पण रात्री माणसं खांद्याला खांदा लावून बसली की सोंगाड्याच्या पहिल्याच वाक्याला हशा उसळायचा. तो बाहेर ऐकू जायचा आणि घुटमळणारे तिकीटबारीकडे वळायचे. ‘चाल भो, तंबू भरी गया!’

भोंग्याची रिक्षासुद्धा उगाच तालुकाभर फिरत नसे. खेळ रात्री उशिरा, तोवर शेवटची एसटी गेलेली. मग ज्या गावचे लोक बैलगाडीनं, ट्रॅक्टरनं परत जाऊ शकतील, तेवढीच गावं घ्यायची, तीही बाजाराच्या दिवशी.

बीटल्ससारख्या बँडलाही गर्दी आणि जागेचं हे गणित चुकलं नाही. 1965 साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्यांना ऐकायला पंचावन्न हजारांवर माणसं लोटली. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे पंचवीस हजार तिकिटं खपली. केवढा आकडा! पण तिथल्या कँडलस्टिक पार्क स्टेडियममध्ये जागा होती साडेबेचाळीस हजारांची, म्हणून लोकांच्या डोळ्यांत भरल्या त्या रिकाम्या रांगा.

आज आपल्या अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोटींनी प्रेक्षक मिळतात. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण त्यातले कितीतरी सुरतेत, नाशकात, पुण्यात पोटापाण्याला गेलेले. ते धुळ्यात तिकीट काढायला कसे येणार? त्या आकड्यावर विसंबून ही गाणी करणारी पोरं मोठं मैदान घेतात. मला वाटतं, धुळ्याच्या राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिरात दोन भरलेले खेळ करावेत, आठ दिवस आधी कॉलेजांतून, चहाच्या टपऱ्यांवरून सांगत फिरावं.

मागे जळगावात अशाच एका मैदानावर मी बसलो होतो. खुर्च्या दोन हजार, माणसं तीनशे, तीही विखुरलेली. दोन गाणी टाळीविना गेली. मग बँडच्याच पोरांनी खाली उतरून मागच्या खुर्च्या एकात एक रचल्या, सगळ्यांना हाताला धरून पुढं आणलं, मागचे दिवे मालवले. तिसऱ्या गाण्याला ढोलकी सुरू झाली आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.