राखणीच्या कुत्र्याचा गुडघा

बैलाचा पाय दुखावला तर आपण त्याच दिवशी दवाखाना गाठतो. गाय लंगडली तर घरातलं माणूस न् माणूस विचारपूस करतं. पण राखणीचा कुत्रा मागचा पाय उचलून चालायला लागला, की आपण म्हणतो, "काटा-बिटा भरला असेल, होईल बरा आपोआप." कधी होतोही बरा. पण कधी तो काटा नसतो, गुडघा गेलेला असतो. मग तो कुत्रा पुढे आयुष्यभर तीन पायांवर चालतो. आज आपण याच दुखण्याची माहिती घेणार आहोत.

तुम्ही म्हणाल, कुत्र्याच्या गुडघ्यावर एवढं काय बोलायचं? पण मंडळी, रात्री मळ्यात रानडुकराची चाहूल पहिल्यांदा कुणाला लागते? धनगराच्या वाड्याभोवती रात्रभर कोण फिरतं? आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, निफाड या उसाच्या भागांत बिबट्या वस्तीवर आला, तर सगळ्यात आधी त्याच्या तोंडी कोण सापडतं? जो कुत्रा पळू शकत नाही, तोच.

गुडघा नेमका कुठे असतो?

कुत्र्याच्या मागच्या पायात खालच्या बाजूला जो सांधा मागे टोक काढून दिसतो, त्याला पुष्कळ लोक गुडघा समजतात. तो गुडघा नव्हे. ती आपल्या टाचेची जागा. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला, मांडी जिथे संपते तिथे असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो.

या सांध्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर टेकतात. मध्ये कूर्चेच्या दोन छोट्या गाद्या असतात. आत दोन मजबूत दोर एकमेकांना फुली मारून बांधलेले असतात, त्यांना अस्थिबंध म्हणतात. नडगीचं हाड पुढे सरकू न देण्याचं काम पुढचा दोर करतो. आणि सांध्याच्या समोर, मांडीच्या हाडातल्या खाचेत वाटी वरखाली सरकत असते. जू बांधलेली दोरी तुटली तर गाडी जशी हेलकावते, तसा हा दोर तुटला की गुडघा हेलकावतो.

दोन नेहमीची दुखणी

पहिलं दुखणं म्हणजे हा पुढचा दोर झिजणे किंवा तुटणे. कुत्र्यांच्या मागच्या पायाच्या लंगडण्याचं हे फार मोठं कारण आहे. माणसात हा दोर बहुधा खेळताना एका झटक्यात तुटतो. कुत्र्यात मात्र तो बहुतेक वेळा हळूहळू झिजतो, आणि मग बांधावरून उडी मारताना किंवा सशामागे धावताना वळणावर उरलेला धागा तुटतो. वजनदार कुत्र्यांत, लॅब्राडॉर किंवा रॉटवायलरसारख्या जातींत हे जास्त दिसतं. पण गावठी कुत्र्याला किंवा कारवानी कुत्र्याला ते होतच नाही, असं समजू नका.

दुसरं दुखणं म्हणजे वाटी सरकणे. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत हे जास्त. कुत्रा चांगला चालता चालता दोन-चार पावलं पाय उचलतो, एक झटका देतो आणि पुन्हा काही झालंच नाही असा पळतो. घरचे हसतात. पण वाटी खाचेतून बाहेर जाऊन परत आलेली असते. हा दोष बहुधा जन्मजात ठेवणीचा असतो. म्हणून अशा कुत्र्याची किंवा कुत्रीची पैदास करू नये.

ओळखायचं कसं?

आधी पंजा पाहा. बोटांच्या मधली जागा, नखं, तळवा नीट तपासा. बाभळीचा काटा, काच, गोचीड, काही सापडतंय का? पंजा स्वच्छ असेल, तर पुढच्या खुणा बघा.

कुत्रा उभा असताना दुखरा पाय नुसता बोटांवर टेकवतो. बसताना तो पाय पोटाखाली न घेता बाजूला लांब काढतो. झोपेतून उठल्यावर पहिली काही पावलं जड जातात, मग जरा मोकळा होतो. जास्त पळाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा लंगडतो. काही आठवड्यांनी त्या मांडीचं मांस उतरतं. दोन्ही हातांनी दोन्ही मांड्या एकाच वेळी चाचपल्या, की फरक लगेच कळतो.

कुत्रा कितीही मायाळू असला तरी दुखऱ्या जागेला हात लावल्यावर चावू शकतो. म्हणून तपासण्याआधी मऊ कापडाच्या पट्टीने त्याचं तोंड थोडा वेळ बांधा. पट्टीची गाठ हनुवटीखाली घेऊन टोकं कानामागे बांधावीत. कुत्रा जोरात धापा टाकत असेल किंवा ओकत असेल, तर मात्र तोंड बांधू नका.

इथे एक महत्त्वाची सूचना. दोन्ही मागचे पाय लुळे पडले, कुत्रा झोकांड्या खातोय, खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, तर तो गुडघा नव्हे. ते पिसाळण्याचं लक्षण असू शकतं. घशात हाड अडकलंय असं समजून तोंडात हात घालू नका. लांबूनच कोंडून ठेवा आणि पशुवैद्यकाला कळवा. चावा किंवा लाळ लागली असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

गोचीडतापातही सांधे सुजतात आणि कुत्रा लंगडतो. ताप, खाणं सोडणं, हिरड्या फिक्या पडणं अशी लक्षणं दिसली, तर डॉक्टरांना तसं जरूर सांगा.

हे मात्र करू नका

गुडघ्यावर बिब्बा घालू नका. डाग देऊ नका. बिब्ब्याने आणि डागाने कातडी जळते, त्यात आसडी पडते, आणि आतला तुटलेला दोर तुटलेलाच राहतो.

माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटॅमॉलही मनाने देऊ नका. डायक्लोफिनॅकवर तर जनावरांच्या वापरासाठी २००६ सालीच बंदी आली, कारण ते औषध दिलेल्या मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मेली. घरात उरलेली जुनी बाटली असेल तर ती वापरू नका. कुत्र्याला चालणारी दुखण्यावरची औषधं वेगळी आहेत. त्यांची मात्रा वजनावर ठरते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. औषध चालू असताना उलटी झाली किंवा शी काळी डांबरासारखी झाली, तर औषध थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे गेल्यावर

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर गुडघा हाताने हलवून पाहतात. नडगीचं हाड पुढे सरकलं, तर दोर तुटल्याचं कळतं. क्ष-किरण तपासणीत सांध्यातलं पाणी आणि झीज दिसते. दोर स्वतः क्ष-किरणात दिसत नाही, म्हणून "फोटोत काही नाही" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

साधारण पंधरा किलोच्या आतला कुत्रा विश्रांतीने आणि वजन आटोक्यात ठेवून पुष्कळदा चालता होतो. मोठ्या कुत्र्याला बहुधा शस्त्रक्रियेचाच उपयोग होतो. एका पद्धतीत सांध्याबाहेरून मजबूत धागा घालून गुडघा आवळतात. दुसरीत नडगीचं हाड कापून त्याचा उतार बदलतात आणि पट्टी बसवतात. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासून चालू आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कोणती शस्त्रक्रिया कुठे होते, खर्च किती येईल, हे आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन आधी विचारून घ्यावं. सगळ्यांनाच शस्त्रक्रिया परवडेल असं नाही. न परवडली तरी कुत्र्याचं दुखणं कमी करता येतं. ते कसं, ते पाहू.

घरची निगा

पहिली गोष्ट विश्रांती. सहा ते आठ आठवडे पळणं, उड्या मारणं, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती बंद. शस्त्रक्रिया झाली असेल तर त्याहून जास्त दिवस, डॉक्टर सांगतील तितके. विधीपुरतं दोरीला धरून सावकाश बाहेर न्यावं. दुखापत ताजी असताना पहिले दोन-तीन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं गुडघ्यावर धरावा. सूज ओसरल्यावर पुढे कोमट शेक द्यावा. आधी आपल्या मनगटाला लावून पाहा.

दुसरी गोष्ट वजन. बसून राहिलेला कुत्रा लठ्ठ होतो आणि प्रत्येक जादा किलो त्या गुडघ्यावरच पडतो. बरगड्यांवरून हात फिरवा. आपल्या उपड्या पंज्याच्या पाठीवर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. तळव्यासारखं मऊ लागलं, तर कुत्रा जाड आहे. वजन करायचं तर धान्याच्या काट्यावर त्याला उचलून घेऊन उभं राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा. भाकरी-दूध कमी करा, तूप, गूळ, बिस्किटं बंद. अंडं, थोडं मांस किंवा डाळ, आणि शिजवलेला भोपळा किंवा गाजर घाला. द्राक्षं, बेदाणे आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत. नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदारांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

तिसरी गोष्ट पायाखालची जमीन. शेणाने सारवलेली किंवा मातीची जमीन चांगली. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो आणि बरा होत आलेला गुडघा पुन्हा दुखावतो. तिथे गोणपाट अंथरा. नखं वाढू देऊ नका. झोपायला गवत भरलेलं जाड पोतं द्या. थंडीत आणि पावसाळ्यात ओल लागू देऊ नका, सांधे आखडतात.

चौथी गोष्ट उचलणं. ट्रॉलीतून, ओट्यावरून उडी मारू देऊ नका. जिना किंवा बांध चढवायचा असेल, तर जुनं उपरणं पोटाखालून घेऊन मागचं अंग उचलून धरा. त्याचा भार तुमच्या हातावर येईल आणि कुत्राही घाबरणार नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज पाच मिनिटांपासून सुरुवात करून चालणं हळूहळू वाढवा. मांडीत मांस भरलं तर गुडघ्याला आधार मिळतो. आणि दुसऱ्या पायावरही लक्ष ठेवा. एका पायाचा दोर तुटलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास कुत्र्यांत पुढे दुसऱ्या पायाचाही तुटतो.

रात्रीची व्यवस्था

बिबट्याच्या भागात लंगडा कुत्रा रात्री अंगणात साखळीने बांधून ठेवू नका. बांधलेल्या कुत्र्याला ना पळता येतं, ना लढता. शेळ्यांसारखंच त्यालाही पक्क्या दाराच्या, वरून झाकलेल्या खुराड्यात ठेवा. भुंकून तो आतूनही राखण करतो. कान आणि नाक शाबूत असेपर्यंत त्याची चाकरी संपत नाही.

शेवटी एक सांगायचं आहे. लंगडा झाला म्हणून कुत्रा पोत्यात घालून बाजाराच्या गावी सोडून देणारे लोक आहेत. पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याने आठ-दहा वर्षं आपल्या झोपेची राखण केली, त्याला एक पोतं, एक वाडगं आणि दाराआडची जागा देणं आपल्याला जड नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. लंगडणारा कुत्रा दिसला की आधी पंजा, मग मांडी तपासा. दोन दिवसांत फरक नाही तर दवाखाना.
२. बिब्बा, डाग, माणसांच्या गोळ्या नकोत.
३. विश्रांती, कमी वजन आणि न घसरणारी जमीन, हे निम्मं औषध.
४. वाटी सरकणाऱ्या कुत्र्याची पैदास नको.
५. दरवर्षी पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्या, गोचीड येऊ देऊ नका.
६. बिबट्याच्या भागात रात्री कुत्रा बंद खुराड्यात.