संस्कृतीच्या नावाने तंबाखू मळू नका



सकाळच्या परिसंवादात एक विद्वान म्हणाले, तंबाखू ही आदिवासींची पुरातन संस्कृती आहे, तिला हात लावू नका. साफ खोटं! तंबाखू या देशात पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा दूत असद बेग याने ती विजापूरहून दरबारात नेली, तेव्हा दरबारही नवलाने बघत राहिला. जी बादशहाला नवी, ती आमच्या पेनांना, आमच्या देवांना, पुरातन कशी?

दुसरीकडे आरोग्यवाले. सडलेल्या जबड्याचं चित्र ग्रामपंचायतीच्या भिंतीला ठोकतात आणि म्हातारी ऐकत नाही म्हणून तिला अडाणी ठरवतात. अहो, तोंडाच्या दुखण्याने तिच्या डोळ्यांदेखत माणसं गेली आहेत. तिला तुमचं चित्र कशाला हवं?

रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरून बघा. साठी ओलांडलेली बाई सकाळी आंबील पिऊन निघालेली असते. दुपारी पोट ओरडलं की धुऱ्यावर येते, कमरेची डबी काढते. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाएवढा चुना. अंगठ्याने मळते, थापटते, अर्धी शेजारणीला देते, उरलेली ओठाआड दाबते. भूक मरते आणि कंबर पुन्हा वाकते. दाढ ठणकली तरी औषध तेच, कारण दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. आणि ती शेजारणीला दिलेली अर्धी चिमूट? पोरं पुण्याला, हैदराबादला गेली. पडवीत कोणी घटकाभर टेकावं म्हणून म्हातारीकडे द्यायला दुसरं आहे काय? चहाला साखर लागते, दूध लागतं. तिला नुसतं ‘सोड’ म्हणणाऱ्याने आधी सांगावं, त्या जागी तो काय ठेवणार आहे.

महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्यांचं प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होतं, २०१६-१७ मध्ये २६.६ झालं. परिसंवादात टाळ्या वाजल्या. सरासरीत मुंबईही असते आणि गडचिरोलीतलं भामरागडही, हे कोणी बोललं नाही. गुटखाबंदी २०१२ ची, पुढे सुगंधित तंबाखूवरही बंदी आली. तरी पानठेल्यावर पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जातोच आहे. बंदीचा कागद ठेल्यापर्यंत पोचत नाही, माल मात्र बरोबर पोचतो.

आता घरचं बोलतो. राग आला तर येऊ द्या. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या जोरावर ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. हा आपला विजय आहे, तो मी कमी लेखणार नाही. पण मे महिन्याच्या उन्हात सत्तर पानांचा एकेक पुडा आपण बांधतो तो कशासाठी? विडीसाठी! आपल्या म्हाताऱ्याच्या औषधाचा पैसा त्यातून येतो, आणि दुसऱ्या कुठल्या गावच्या म्हाताऱ्याचा खोकलाही. या पेचावर आपल्या एकाही कवीची ओळ माझ्या वाचनात नाही. मोहाच्या झाडावर मात्र ढीगभर कविता!

गडचिरोलीने १९९३ मध्ये आंदोलन करून दारूबंदी मिळवली. २०१६ पासून मुक्तिपथ हे व्यसनमुक्तीचं अभियान तिथे दारूबरोबर तंबाखूशीही लढतं आहे. आपले पुढारी मात्र माइकवर दारूच्या नावाने बोटं मोडतात आणि खाली उतरले की त्याच हाताने खर्रा वाटतात. म्हाताऱ्यांना नातवांसमोर लाज वाटावी असं आपणच काही शिल्लक ठेवलेलं नाही.

म्हणून इथे आणलेला व्यसनमुक्तीच्या शपथेचा छापील ठराव मी मांडू देणार नाही. ठराव असा लिहा: तेंदूच्या पैशातून रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर दुपारचं जेवण, महिन्यातून एकदा गावात दाताचा डॉक्टर, आणि निराधारांचं अनुदान गावात आणून हातात. अनुमोदनाला कोण उभं राहतं ते मला बघायचं आहे. आणि हो, या मंडपाच्या दाराशी पानठेला कोणाच्या परवानगीने लागला, याचं उत्तर आयोजकांनी ठराव मताला टाकण्याआधी द्यावं.